नावाचा मालक, नगावरचा मजूर

कोलकात्यातील पदवीधर तरुणाला आज एक उपदेश चहूबाजूंनी केला जात आहे. नोकरीच्या मागे लागू नकोस; हातात स्मार्टफोन आहे, घरात इंटरनेट आहे, तेव्हा दुकानदारांची, डॉक्टरांची, खाजगी शिकवणी वर्गांची फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील पाने सांभाळायला घे आणि स्वतःच स्वतःचा मालक हो. या धंद्याला ‘फ्रीलान्स सोशल मीडिया मॅनेजर’ असे भारदस्त नाव आहे. शून्यातून सुरुवात करून थोड्याच महिन्यांत जम बसवण्याचे गणित शिकवणारे वर्गही निघाले आहेत. शिकणाऱ्यांचे काय होते ते होवो, वर्ग चालवणाऱ्यांचा जम मात्र बसलेला दिसतो. या साऱ्याची टवाळी करणे सोपे आहे आणि पुरोगामी वर्तुळांत ती केलीही जाते. परंतु उपदेश ऐकणारा तरुण मूर्ख नसून बेकार आहे, एवढी साधी गोष्ट टवाळखोरांच्या ध्यानात येत नाही.

इंग्रजी अमदानीपासून कोलकाता हे केरानींचे, म्हणजे कारकुनांचे शहर. रायटर्स बिल्डिंग, डलहौसी स्क्वेअरभोवतालच्या साहेबी पेढ्या, बँका, विमा कंपन्या, बंदर आणि रेल्वे यांच्या कचेऱ्यांकडे रोज सकाळी हावडा आणि सियालदा स्थानकांतून माणसांचे लोंढे निघत, आणि त्यातील एकेका पगारावर एकेक निम्न मध्यमवर्गीय घर कसेबसे उभे राही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी जादवपूरच्या आसपासच्या वसाहतींत पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवले, तेही याच पगाराच्या आशेने. ही दारे एकेक करून बंद होत गेली. युनायटेड बँक ऑफ इंडिया आणि अलाहाबाद बँक या दोन राष्ट्रीयीकृत बँकांची मुख्य कार्यालये कोलकात्यात होती. १ एप्रिल २०२० रोजी पहिली पंजाब नॅशनल बँकेत आणि दुसरी इंडियन बँकेत विलीन करण्यात आली, आणि एका दिवसात शहराने दोन मुख्य कार्यालये गमावली. उरली शाळेतील नोकरी. २०१६ च्या शिक्षक व शिक्षकेतर भरतीत असा भ्रष्टाचार माजला की सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२५ रोजी २५,७५३ नेमणुका रद्दबातल ठरवल्या. पैसे चारून आत शिरलेल्यांबरोबर प्रामाणिकपणे परीक्षा उत्तीर्ण झालेलेही त्यात भरडले गेले.

अशा वेळी बंगालचा सुशिक्षित बेकार पूर्वी शिकवण्या धरीत असे. सकाळी दोन घरी, संध्याकाळी तीन घरी, पायी किंवा सायकलने. महिनाअखेरीस मिळेल ते हाती. आज समाजमाध्यमांची पाने सांभाळणे ही त्या शिकवणीचीच नवी आवृत्ती आहे. फरक एवढाच की शिकवणीचा मास्तर आपणास मालक म्हणवून घेत नव्हता.

या कामाचे प्रत्यक्ष स्वरूप जवळून पाहिल्याखेरीज त्याविषयी मत बनवणे चुकीचे ठरेल. बारासात किंवा सोनारपूर अशा एखाद्या उपनगरातील बी.कॉम. झालेली मुलगी डोळ्यांसमोर आणावी. तिला पहिले गिऱ्हाईक ओळखीतूनच मिळते. गडियाहाटच्या बाजारात साड्यांचे दुकान असलेले वडिलांचे कोणी स्नेही म्हणतात, आमचे पान जरा बघ. पहिला महिना ती फुकट काम करते, कारण ‘आधी नमुना दाखव’ अशी अट असते. नंतर समजा महिन्याला ५,००० रुपये ठरतात. त्याबद्दल बारा चित्रे आणि आठ रील करायच्या, प्रत्येकाखाली मजकूर लिहायचा, आणि पानावर येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. हे शेवटचे कलम दिसायला निरुपद्रवी आहे, पण सारा जीव तेच खाते. साडीचा भाव विचारणारी बाई रात्री अकराला विचारते आणि उत्तर पंधरा मिनिटांत न गेल्यास दुकानदार फोन करतो. दिवसाला सरासरी तीन तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तरी तासाला ६४ रुपयांच्या आसपास पडतात. त्यातून डेटा, वीज, फोनचा हप्ता, चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरची वर्गणी आणि दुकानापर्यंतचे गाडीभाडे वजा करायचे. आजारपणाचा दिवस तर हिशेबातच नाही. असे एक पान सांभाळून पोट भरत नाही, म्हणून ती चार पाने घेते, आणि मग तिच्या दिवसाला अंत उरत नाही.

कामाला हंगाम असतो. चैत्र सेल आणि पोइला बोइशाख ही एक लाट. विश्वकर्मा पूजेपासून कालीपूजेपर्यंत दुसरी, आणि तीच मोठी. २०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पूजामंडळांनाही आपले मंडप पडद्यावर झळकवणारी माणसे हवी असतात. फुलिया आणि शांतिपूरच्या ताँताच्या साड्या फेसबुकवर थेट प्रक्षेपण करून विकल्या जातात. कॅमेऱ्यासमोर एक बाई साड्या उलगडते आणि पडद्याआड दुसरी मागण्या टिपून घेते. हातमागावर बसलेला विणकर, साड्या उलगडणारी आणि मागण्या टिपणारी अशी तीन श्रमिक माणसे या व्यवहारात आहेत. ती एकमेकांना क्वचितच ओळखतात. कालीपूजा आटोपली की दुकानदार सांगतो, आता थंडी सरल्यावर पाहू. शेतमजुराला सुगीनंतर असेच सांगितले जाते, पण तो निदान स्वतःला उद्योजक समजत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की ही मुलगी मजूर कशी? फोन तिचा, संगणक तिचा, वेळ तिचा. मग ती छोटी मालकच नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील वाचकाला सोलापुरात किंवा सिन्नरला मिळेल. विडी वळणाऱ्या स्त्रीची कात्री आणि सूप तिच्याच मालकीचे असते, घरही तिचेच असते, आणि ती कोणत्या वेळी विड्या वळते हे पाहायला कोणी येत नाही. तरीही ती कारखानदार ठरत नाही. पाने आणि तंबाखू कारखान्याकडून येतात, मजुरी हजारी दराने ठरते, आणि वळून आणलेल्या विड्यांतून छाट काढण्याचा अधिकार कारखान्याचा. समाजमाध्यमांवरील कामात छाटीला ‘बदल’ म्हणतात. रंग आवडला नाही, पुन्हा कर, गाणे बदल, माझ्या भाच्याला पसंत नाही, पुन्हा कर. एका चित्राचे पाच वेळा चित्र होते आणि मजुरी एकाचीच मिळते.

मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात नगावरच्या मजुरीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. अशा मजुरीत मालकाला देखरेखीचा खर्च बराचसा वाचवता येतो, कारण मजूर आपण होऊनच स्वतःला राबवतो. आणि याच मजुरीच्या पायावर घरबसल्या कामाची व पोटठेक्यांची उतरंड रचली जाते, हे त्याने इंग्लंडमधील उदाहरणांवरून दाखवले. कोलकात्यातील पान सांभाळणाऱ्याला हे प्रकरण वाचून दाखवावे. आपलेच वर्णन ऐकल्यासारखे त्याला वाटेल. परदेशातील कंपनी एका जाहिरात संस्थेला काम देते, ती संस्था कोलकात्यातील कोणाला, तो जम बसलेला फ्रीलान्सर बारासातच्या तिघांना. प्रत्येक पायरीवर थोडी कात्री लागते.

डॉलरची कमाई हे या धंद्याचे सर्वांत मोठे आमिष. त्यासाठी अपवर्क, फाइव्हर यांसारख्या परदेशी मंचांवर नाव नोंदवावे लागते. फाइव्हर कंपनी काम करणाऱ्याच्या रकमेतून २० टक्के कापून घेते. मराठीत याला अडत म्हणतात, आणि कोणत्याही बाजार समितीत इतक्या अडतीवरून शेतकऱ्यांनी दंगा केला असता. अपवर्कवर तर कामासाठी अर्ज करायलाही ‘कनेक्ट’ नावाची नाणी खर्चावी लागतात, आणि ती संपली की विकत घ्यावी लागतात. काम मिळो वा न मिळो. तासाच्या बोलीवर काम घेतले, तर कामाच्या नोंदीसाठी त्या मंचाचे यंत्र दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा मजुराच्या संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र घेते. गिरणीतला जॉबरसुद्धा इतक्या वेळा खांद्यावरून डोकावत नव्हता. वर साऱ्या जगातील बेकारांशी स्पर्धा आहेच. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये केलेल्या मोजणीत अशा ऑनलाइन मजुरांपैकी सुमारे २४ टक्के भारतात आणि सुमारे १६ टक्के बांगलादेशात होते. कोलकात्याचा तरुण आणि ढाक्याचा तरुण एकच भाषा बोलतात, आणि रात्री जागून एकमेकांचे दर पाडतात.

मग खरी उत्पादनसाधने कोणाकडे? ती आहेत मेटासारख्या मूठभर मक्तेदार कंपन्यांकडे. मेटाचे २०२४ सालचे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरहून अधिक होते आणि ते जवळजवळ सारे जाहिरातींतून आलेले. गडियाहाटच्या दुकानदाराला आपल्याच गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्यासाठी या कंपनीला खंडणी मोजावी लागते. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले आणि धंद्यांची पाने लोकांच्या नजरेआड ढकलली. ही गोष्ट दुकानदाराला कोण समजावणार? त्याच्या लेखी पान सांभाळणारी आळशी झाली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा त्यावर उपजीविका करणाऱ्यांना एक दिवसाचीही पूर्वसूचना नव्हती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद पडले. कारखान्यात वीज गेली तर ती मजुराची चूक धरीत नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून तर गिऱ्हाइकाच्या हाती नवे हत्यार आले आहे : मजकूर यंत्र फुकट लिहून देते, तेव्हा तुझा दर कमी कर.

कायद्याने या मजुराची जी थट्टा मांडली आहे, ती तर मुळातून पाहण्यासारखी आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पारंपरिक मालक-नोकर संबंधांच्या बाहेर राहून काम करणारा आणि त्यातून कमावणारा तो ‘गिग कामगार’, अशी तिची व्याख्या आहे. ज्या मध्यस्थ मंचांनी कल्याण निधीत भर घालायची, त्यांच्या परिशिष्टात व्यावसायिक सेवा आहेत, मजकूर व माध्यम सेवाही आहेत. वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांनी द्यायचे, आणि तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. पण बारासातच्या मुलीला काम देणारा साड्यांचा दुकानदार मध्यस्थ मंच नाही आणि तिचा मालकही नाही. म्हणून संहितेत तिला नाव मिळाले, पण तिच्या नावाने कोणी काही भरायचे नाही. किमान वेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, राज्य विमा योजना नाही. २०२२ मध्ये नीती आयोगाने देशात २०२०-२१ साली ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असे भाकीत केले. एवढ्या माणसांसाठी व्याख्या झाली. वेतन मागे राहिले.

याउलट तिने उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नाव नोंदवले, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे संरक्षण तिला मिळते. लेखी करार नसल्यास काम स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते झाले पाहिजेत. न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि दाद मागण्यासाठी राज्याची सुविधा परिषद असते. म्हणजे आपली मजुरी वसूल करण्यासाठी मजुराला कागदोपत्री मालक व्हावे लागते! कामगार म्हणून गेली तर दार बंद, उद्योजिका म्हणून गेली तर निदान खिडकी उघडी. ज्या राज्यव्यवस्थेला भांडवलाच्या देण्याघेण्याची चिंता आहे आणि श्रमाच्या देण्याची नाही, तिच्याकडून दुसरे काय अपेक्षावे?

तरीही ती खिडकी वापरली पाहिजे. शुद्धतेच्या सोवळ्यापायी हाती असलेले हत्यार टाकून देणे हे चळवळीला परवडणारे नाही. उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही, दलालाने मागितला तर देऊ नये, आणि ती काम सुरू करण्यापूर्वी करावी, कारण नंतरची नोंदणी आधीच्या थकबाकीला सहसा तारत नाही. त्याचप्रमाणे चित्रे किती, बदल किती वेळा, निरोपांना उत्तरे कोणत्या वेळेत, हे सर्व कागदावर येऊ द्यावे. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. दुकानदाराची जाहिरात स्वतःच्या कार्डावरून कधीही चालवू नये. या चुकीने कितीतरी होतकरू मुले महिन्याच्या मजुरीपेक्षा मोठ्या उधारीत बुडतात. फुकट नमुना देऊ नये. द्यायचाच तर आपल्या गल्लीतील वाचनालयाचे किंवा क्लबाचे पान सांभाळून तेच काम नमुना म्हणून दाखवावे. या गोष्टी शिकवणी वर्गांत शिकवल्या जात नाहीत. तेथे शिकवतात ते ‘स्वतःचा ब्रँड’ घडवणे. शेजारच्या मुलापेक्षा स्वस्त आणि झगमगीत दिसण्याची ही विद्या आहे. मजुरांची फूट कशी पाडावी हे मालकाला आता वेगळे शिकावे लागत नाही.

एकट्याने केलेला करार कितीही नेटका असला तरी शेजारी निम्म्या दरात तयार असेल, तर त्याचा उपयोग संपतो. म्हणून प्रश्न शेवटी संघटनेपाशी येतो. आणि येथे कोलकात्याच्या कामगार चळवळीकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. बँकेतील बाबू कधी संघटित होतील काय, असे विचारणाऱ्यांना उत्तर म्हणून १९४६ च्या एप्रिलमध्ये याच शहरात अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना स्थापन झाली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाने येथे संगणक बसवण्याचा घाट घातला, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊसवर रात्रंदिवस पहारा दिला. डाव्यांना संगणकाचे वैरी ठरवण्यासाठी ही हकिगत आजवर उगाळली जाते. यंत्र आल्याने कोणाचे काम जाणार आणि नफा कोणाच्या खिशात जाणार, हा त्या पहाऱ्यामागचा प्रश्न होता. तो आजही जसाच्या तसा उभा आहे. बदलले ते रणांगण. तेव्हा पहारा द्यायला एक इमारत होती; आज संगणक निजायच्या खोलीत आहे आणि पहारा द्यायला दरवाजाच नाही. २००६ मध्ये सिटूने कोलकात्यात माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांची संघटना उभी केली, तिचे लक्ष स्वाभाविकच सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमधील कंपन्यांकडे होते. घरी बसून काम करणारा त्या दृष्टिक्षेपाच्या बाहेर राहिला.

ठराविक मालक नाही म्हणून संरक्षण देता येत नाही, हा युक्तिवाद मात्र कोणी मान्य करू नये. तो इतिहासाने अनेकदा खोटा पाडला आहे. बंदरात रोज वेगळ्या जहाजावर राबणाऱ्या गोदी कामगारांसाठी १९४८ चा केंद्रीय कायदा झाला आणि त्याखाली मुंबई व कोलकात्यात गोदी कामगार मंडळे आली. दाणाबंदरात आणि भाजीबाजारात दिवसाला दहा व्यापाऱ्यांचे ओझे वाहणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरायची आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांची तजवीज मंडळाने करायची. घरखेपी विडी कामगाराला १९६६ च्या कायद्याने कामगार मानले, आणि कारखानदारांनी त्याला आव्हान दिले तेव्हा १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्याआधी १९७३ मध्ये सिकंदराबादच्या एका शिंपीकामाच्या दुकानाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने नगावर शिवणाऱ्या शिंप्यांना कामगार ठरवले. काम नापसंत करून ते पुन्हा शिवून मागण्याचा दुकानदाराचा अधिकार हाच त्याच्या नियंत्रणाचा एक पुरावा मानला गेला. बारासातच्या मुलीकडून पाचव्यांदा चित्र करून घेणाऱ्या दुकानदाराचे नियंत्रण याहून वेगळे काय आहे? १९८१ च्या कायद्याने चित्रपट कामगारांशी लेखी करार सक्तीचा केला होता. नव्या संहितांनी हा कायदा आणि विडी कामगारांचा कायदा दोन्ही पोटात घेतले आहेत, आणि दृकश्राव्य कामाच्या व्याख्येत दृकश्राव्य जाहिरात आणि डिजिटल निर्मिती हे शब्द आणले आहेत. रील ही दृकश्राव्य जाहिरात नव्हे तर काय? या शब्दांवर बोट ठेवून मागणी रेटण्याचे काम कामगार संघटनांचे आहे. घरबसल्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार भारताने अद्याप मान्य केलेला नाही, हेही त्या मागणीपत्रात आले पाहिजे.

बंगालमध्ये २००१ साली डाव्या आघाडीच्या सरकारने असंघटित कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधीची योजना सुरू केली. कामगाराने महिन्याला २० रुपये भरायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे. रक्कम क्षुल्लक होती हे खरे, पण मालक दाखवता येत नाही म्हणून कामगार नाकारायचा नाही, हे तत्त्व क्षुल्लक नव्हते. माथाडी मंडळाच्या धर्तीवर एखादे राज्य समाजमाध्यम कामगारांचे मंडळ काढू शकते काय? दुकानदार जाहिरातीपोटी जी रक्कम मेटाला मोजतो, तिच्यावरच एक लेव्ही बसवता येणार नाही काय? पैसा जेथे साठतो तेथून तो घ्यावा, छोट्या दुकानदाराला पिळून काय मिळणार? तोही मक्तेदारीच्या टाचेखालीच आहे, आणि या लढाईत तो शत्रूच्या गोटात ढकलला जाता कामा नये.

आणखी एक बाजू आहे, ती नाजूक असली तरी टाळता येत नाही. पान सांभाळणाऱ्याला साड्यांचीच पाने मिळतात असे नाही. निवडणुका आल्या की खोट्या नावांची पाने चालवण्याची, द्वेषाचे विष कालवण्याची कामे बाजारात येतात आणि त्यांचा दर साडीपेक्षा चांगला असतो. भुकेल्याने काय करावे? देवघर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील सखाराम गणेश देऊस्कर कोलकात्यात ‘हितवादी’ या बंगाली पत्राचे संपादक होते; त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ मध्ये निघाले आणि १९१० मध्ये सरकारने ते जप्त केले. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर टिळकांवर टीका लिहिण्याची अपेक्षा पत्राच्या चालकांनी केली, तेव्हा त्यांनी नकार देऊन जागा सोडली. मजुरीने लिहिणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणता येते. पण ‘नाही’ म्हटल्यावर महिना कसा काढायचा याची सोय ज्या समाजात नाही, तेथे देऊस्करांचा दाखला देऊन पंचविशीच्या मुलीला नीती शिकवणे हा निव्वळ कोडगेपणा होईल. संघटनेचा संकटनिधी हे त्यावरचे उत्तर आहे, प्रवचन नव्हे.

आता पक्षाच्या स्वतःच्या घराविषयी. कोलकात्यात पाड्यापाड्यांच्या कोपऱ्यावर ‘गणशक्ती’ लावण्याचे फलक असत. पहाटे उठून त्यावर अंक चिकटवणारा कॉम्रेड त्याचे पैसे घेत नसे, आणि रात्रभर भिंती रंगवणाराही घेत नसे. ते राजकीय काम होते आणि त्या माणसाचे पोट दुसऱ्या कामावर चालत होते. आज पक्षाचा प्रचारही समाजमाध्यमांवर होतो. २०२४ च्या मार्चमध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या पश्चिम बंगालमधील शाखेने ‘समता’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची निवेदिका पडद्यावर आणली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मजकूर-लेखक, ग्राफिक डिझायनर, डिजिटल मार्केटिंगचे जाणकार हवेत अशी जाहिरात दिली. त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. ‘समता’ला पगार लागत नाही, तिच्यामागे बसून मजकूर लिहिणाऱ्याला लागतो, आणि तो मोकळेपणाने जाहिरात देऊन नेमावा हे चांगलेच.

पण जिल्हा आणि तालुका पातळीवर, केवळ बंगालमध्ये नव्हे तर महाराष्ट्रातही, दृश्य सहसा वेगळे असते. ‘तुझा तो फोन आहेच, जरा एक रील करून टाक’ असे एखाद्या तरुण कार्यकर्त्याला सांगितले जाते. तो ज्या कामावर पोट भरतो तेच काम त्याच्याकडून फुकट मागितले जाते आणि त्याला निष्ठेचे नाव दिले जाते. सभासदाने आपल्या सवडीने पक्षासाठी लिहावे, बोलावे, भिंत रंगवावी, हे योग्यच. परंतु प्रचाराच्या दोन महिन्यांत दिवसाचे बारा तास ज्याने पान सांभाळले, त्याच्याशी आरंभीच लेखी बोली व्हावी, दर ठरावा आणि तो जिल्हा समितीच्या खर्चाच्या अंदाजात छापखान्याच्या बिलाशेजारी लिहिला जावा. छापखान्याचे बिल कोणी निष्ठेवर भागवत नाही. गेल्या प्रचाराची अशी काही मजुरी कोठे थकली असेल, तर पुढच्या प्रचाराची बैठक बोलावण्यापूर्वी ती चुकती करावी आणि पावती घ्यावी.